वंश संपला का तुमचा

१

दार मावशीने उघडलं. बाहेर तिशीतला एक माणूस उभा होता. शर्ट इस्त्रीचा, पण बटणं एक घर चुकवून लावलेली. हातातला फोन मावशीसमोर धरून त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "डॉक्टरबाई आहेत का? त्यांनी मला एक प्रश्न विचारलाय. उत्तर द्यायला आलोय."

मावशीने वळून पाहिलं. तिची भाची स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला धरून उभी होती. तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

"वंश संपला का माझा, असं विचारलंय तुम्ही," तो मावशीच्या खांद्यावरून भाचीकडे बघत म्हणाला. "संपला. एकच होतं. आठ दिवसांचं." आणि तो जिना उतरून गेला. ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

भाची रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत डॉक्टर होती, जंतू ओळखणं हे तिचं काम. मंगळवारी सकाळी रहिवाशांच्या फोनवरच्या गटात कुणा अनोळखी खात्यावरून एक मजकूर पडला. वर लिहिलं होतं : 'आपल्या लाडक्या डॉक्टरबाई घरात बसून काय बोलतात, वाचा.' खाली हे :

'मी दोनदा सांगितलं ऐकत नाहीत मी तर म्हणतो बाळं काय जातातच एवढं मनाला लावून घ्यायचं नाही वंश संपला का तुमचा'

दुपारपर्यंत ते गावभर झालं. ज्यांची बाळं त्या महिन्यात नवजात कक्षात दगावली, त्यांच्याही फोनवर पोचलं. संध्याकाळी रुग्णालयाने तिला निलंबित केलं आणि शुक्रवारी चौकशी ठेवली. बहिणीच्या मुलीचा फोन आला तशी मावशी मिळेल ती बस धरून बुधवारी सकाळी आली.

मावशीने उभी हयात एका दैनिकाच्या संपादकीय टेबलावर काढली होती. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासणं आणि कापणं हा तिचा धंदा, आणि संशय हे त्या धंद्याचं भांडवल. घरातल्या लग्नपत्रिकाही ती दोनदा वाचायची. कुणी तिला 'आई बरी आहे' म्हटलं, तर 'कोणाची?' असं विचारणाऱ्यांतली ती.

"अगं, तू असं म्हणालीस का?" तिने दार लावून विचारलं.

भाची खुर्चीवर बसली. "रविवारी दुपारी चहाला आम्ही चौघंच होतो. हे, वन्सं, यांच्या आई आणि मी. मी खूप चिडले होते. संचालकांवर. काय काय बोलले ते सगळं नाही आठवत. 'दोनदा सांगितलं' म्हणाले, ते नक्की. पण हे शेवटचं..." तिने फोन मावशीकडे सरकवला. "मावशी, मी म्हणाले असेन का?"

मावशीने मजकूर पुन्हा वाचला. मग चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. या वेळी तिची नजर मधल्या एका शब्दावर अडली. गावातल्या हजारोंनी तो शब्द वाचला होता, आणि कुणालाही तो खटकला नव्हता.

२

"जावईबापू, बसा जरा," मावशी म्हणाली.

भाचीचा नवरा नकाशे काढणारा, इमारतींचे आराखडे करणारा. रुग्णालयाची नवी इमारत त्याच्याच कार्यालयाकडे होती. तो बसला, पण खुर्चीच्या कडेवर; कधीही उठता यावं असा.

"रविवारी काय बोलणं झालं?"

"हिचंच चाललं होतं. नवजात कक्षाच्या पाण्यात जंतू सापडलेत. हिने संचालकांना दोनदा सांगितलं. त्यांनी अहवाल ठेवून घेतला आणि गप्प बसायला सांगितलं."

"म्हणजे बोलणं पाण्याचं होतं."

"सगळं पाण्याचंच."

"मग या मजकुरात पाणी कुठे आहे?"

मावशीने फोन त्याच्यापुढे सरकवला. "आणि हे वाचा. 'मी तर म्हणतो.' म्हणतो. माझी भाची चिडली की तोतरी होते, पण अजून पुरुष झालेली नाही."

जावयाचे कान लाल झाले. तो उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. "टंकताना चूक झाली असेल कुणाची तरी."

"असेलही," मावशी म्हणाली. तिने पुढे काही विचारलं नाही. माणूस घाबरला की आधी खोटं बोलतो, आणि थोडा वेळ दिला की खरं, हे तिला ठाऊक होतं.

नणंद संध्याकाळी आली. ती बातम्यांच्या एका संकेतस्थळावर काम करायची; फोन तिच्या हाताला सहावं बोट असावा तसा चिकटलेला. ती आणि भाची कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. लग्नानंतर भाची तिला चेष्टेने, जुन्या नाटकातल्या सुनेच्या सुरात 'वन्सं' म्हणू लागली, आणि चेष्टा घरात मुरली. बाहेरच्यांसमोर मात्र दोघी एकमेकींना 'अगं'च म्हणत.

"तू ऐकलंस, आणि बातमी हा तुझा धंदा," मावशीने आडपडदा न ठेवता म्हटलं. "तुझ्यावर मी संशय का घेऊ नये?"

नणंदेने लॅपटॉप उघडून तिच्यासमोर ठेवला. रविवारच्या आधीपासून लिहायला घेतलेली बातमी होती. पाणी, टाक्या, नवजात कक्ष. "मी हिच्या पाया पडत होते, छापू दे म्हणून. ही म्हणायची, बाळांच्या घरच्यांची माहिती त्यांना न विचारता बाहेर जाता कामा नये. मी थांबले." तिने लॅपटॉप मिटला. "मला पाणी छापायचं होतं मावशी. हा चिखल नाही."

मावशीला तिचं म्हणणं पटलं, आणि पटलं म्हणूनच ती अस्वस्थ झाली. ज्याने हे पसरवलं त्याने पाण्याचं अवाक्षर ठेवलं नव्हतं. घरातल्या कुणाला तेवढं लपवायचं होतं? बोट पुन्हा फिरून जावयाकडेच जात होतं. नवी इमारत, मोठं काम, आणि तो लाल झालेला कान.

तेवढ्यात आतल्या खोलीतून भाचीच्या सासूबाईंचा खणखणीत आवाज आला. "विहीणबाई, तुम्ही सगळे माझ्यापासून काय लपवताय? मला ऐकू येत नाही. दिसतं."

३

सासूबाईंचे दोन्ही कान तीन-चार वर्षांत पार गेले होते. त्यांच्यासाठी घरात एक सपाट पडद्याचं यंत्र होतं; समोर कुणी बोललं की ते अक्षरांत उमटायचं. घरातले त्याला 'पाटी' म्हणत. चहाच्या टेबलावर साखरेच्या डब्याशेजारी ती उभी असायची. साखरेच्या डब्याकडे जितकं लक्ष जातं, तितकंच तिच्याकडे जायचं.

सासूबाई टेबलाशी येऊन बसल्या, तशी मावशी त्यांच्याजवळ पाय लांब करून बसली. "माफ करा हं, पाय वर घेते. बसमधून उतरताना गुडघा मुरगळला. भाचीला बोलू नका, उगाच तपासण्या मागे लावेल."

पाटीवर अक्षरं उमटली. सासूबाईंनी वाचली आणि मान हलवली. मग मावशीने फोनवरचा तो मजकूर त्यांच्या हातात दिला. घरच्यांनी तो त्यांना दाखवला नव्हता; वय झालेल्या माणसाला त्रास नको म्हणून.

सासूबाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला, ओठ हलवत शेवटपर्यंत वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"यात चहा कुठे गेला?" त्या म्हणाल्या.

मावशीला वाटलं, यांना काही कळलं नसावं. "कसला चहा?"

"अहो, 'वंश संपला का तुमचा चहा.' असं होतं. माझ्या मुलीला रोज विचारते ना सून, तिचा कप टेबलावर तासभर पडलेला असतो." सासूबाईंनी पाटीवर बोट आपटलं. "ह्या मेलीला 'वन्सं' कळत नाही. ती 'वंश' लिहिते. वंश, मीठ द्या. वंश, तुमचा फोन वाजतोय. मी वाचते आणि मनातल्या मनात हसते. घरात कुणाला सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाला स्वतःची म्हणून एक तरी गंमत असावी."

मावशी हसली नाही. तिने फोन परत घेतला आणि ते वाक्य ओठांतल्या ओठांत म्हटलं. वन्सं, संपला का तुमचा चहा? एका बाळाच्या बापाला दारात उभं करणारं वाक्य, ते हे होतं.

ज्याने ते कानांनी ऐकलं, त्याला 'वन्सं' आणि 'वंश' यांतला फरक कळलाच असता. चोरून आवाज मुद्रित केला असता तरी ऐकताना 'म्हणतो' हा पुरुषाचा आवाज आहे हे कळलं असतं. दोन माणसांची वाक्यं एका माणसाच्या तोंडी घालणारा आणि नणंदेचा वंश करणारा या घरात एकच होता, आणि तो साखरेच्या डब्याशेजारी उभा होता.

"ही पाटी तुम्हाला दिली कुणी?" मावशीने विचारलं.

"रुग्णालयानेच. कर्मचाऱ्यांच्या घरातल्या बहिऱ्या म्हाताऱ्यांना सगळ्यांना वाटल्या. संचालकांनी माझा हात हातात घेऊन फोटो काढला." त्या अभिमानाने म्हणाल्या. "कानाचे डॉक्टर स्वतः येऊन लावून गेले. फार गुणी. दर महिन्याला येतात."

दारावरची बेल वाजली.

४

कानाचे डॉक्टर खरंच गुणी दिसत होते. मऊ बोलणं, मऊ बूट. सासूबाईंना त्यांनी हाताने खुणा करून विचारपूस केली. मग मावशीकडे वळून म्हणाले, "घरात वाईट प्रसंग आहे, अशा वेळी त्रास देतोय. पण ही पाटी दोन दिवस न्यावी लागेल. सगळ्यांच्याच नेतोय. थोडी दुरुस्ती आहे."

"न्या की," मावशी म्हणाली. "पण शुक्रवारनंतर. विहीणबाईंचा घरातला एकच आधार आहे तो."

ते थोडे घुटमळले. मग हसले. "ठीक आहे. तुम्ही उठू नका हं मला सोडायला. मुरगळलेल्या गुडघ्याला आराम हवा."

दार लागलं तरी मावशी जागची हलली नाही. ती त्यांच्यासमोर एकदाही उठली नव्हती, लंगडली नव्हती. गुडघ्याचं तिने या घरात एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि ते माणूस बहिरं होतं.

तिने नणंदेला बोलावून, पाटीची ऐकण्याची कळ बंद करून आतली पानं उघडायला लावली. नणंद बराच वेळ बोटं फिरवत राहिली. "हे खातं आईचं नाहीच," ती म्हणाली. "रुग्णालयाच्या श्रवण विभागाचं आहे. इथे बोललेलं पुसलं तरी पुसलं जात नाही. तिकडे जमा होतं. मावशी, आमच्या घरातलं वर्षभराचं..." चहाच्या त्या टेबलावर नवरा-बायकोची भांडणं झाली होती, नणंदेने मोडलेल्या लग्नाचं रडून घेतलं होतं, सासूबाईंनी मृत्युपत्राचा विषय काढला होता.

नणंदेने पाटी उचलून खिडकीकडे धाव घेतली. मावशीने तिचं मनगट धरलं. "फेकू नकोस. माझ्याकडे अजून एक मुरगळलेला गुडघाच आहे. तेवढ्यावर चौकशी समिती हसेल. कानवाल्याने ऐकलं, हे मला कळलंय. पण तो एकटा आहे की त्याच्यामागे कुणी, ते त्यांच्याच तोंडून यायला हवं."

त्या रात्री जेवणं झाल्यावर जावई आपणहून मावशीपुढे येऊन उभा राहिला. पाटीवर उशी दाबून ठेवली होती.

"ते वाक्य माझं आहे," तो म्हणाला. "'मी तर म्हणतो बाळं काय, जातातच. एवढं मनाला लावून घ्यायचं नाही.' मला तिने गप्प बसायला हवं होतं. काम हातचं जाईल म्हणून. वाचल्या वाचल्या ओळखलं मी. आणि दोन दिवस तिला ते तिचं समजू दिलं."

कापायची वाक्यं मावशीने आयुष्यात पुष्कळ पाहिली होती. "मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "ती आत आहे."

५

गुरुवारी सकाळी मावशीने घर रिकामं केलं. भाची वकिलाकडे, जावई कामावर, नणंद आईला घेऊन दाताच्या डॉक्टरकडे. सगळे गेल्याची खात्री करून तिने दाराला आतून कडी लावली, स्वतःसाठी चहा केला आणि पाटी सुरू करून तिच्यासमोर बसली.

रिकाम्या खोलीत मोठ्याने बोलायला तिला लाज वाटली. घसा खाकरून तिने सुरुवात केली, जसं काही समोर भाची बसली आहे.

"हे बघ, अहवालाची प्रत मी काल जुन्या बाजारातल्या काळ्या दाराच्या छापखान्यात दिली. शनिवारी पत्रकं निघतील. घरोघर वाटायची. घरात कुणाला सांगू नकोस, तुझ्या नवऱ्यालाही नाही."

असा छापखाना गावात नव्हता. प्रतही कुणाकडे दिलेली नव्हती. घरातल्या कुणीही हे ऐकलं नव्हतं, आणि ऐकणार नव्हतं.

पाटीवर अक्षरं एकामागून एक उमटत गेली. मावशीने सवयीने ती तपासली आणि एका जागी थांबली. पाटीने दाराची धार केली होती. 'काळ्या धाराच्या छापखान्यात.' सगळ्या नोकरीत एखादी चूक बघून तिला इतका आनंद झाला नव्हता. तिने ती तशीच ठेवली, पडद्यावरचा मजकूर पुसला आणि थंड झालेला चहा पिऊन टाकला.

मग मात्र तिला भीती वाटली. कानवाला सावध झाला असेल तर? आज त्याने वाचलंच नाही तर? उद्या समितीपुढे तिच्या हातात फक्त एका बहिऱ्या बाईची गंमत आणि एका नवऱ्याचा कबुलीजबाब असणार होता, आणि दोघंही आरोपीच्या घरचेच.

६

चौकशी पहिल्या मजल्यावरच्या लांब खोलीत होती. मध्ये संचालक; पांढरे केस, शांत चेहरा, पुढ्यात कागद. उजवीकडे रुग्णालयाचे प्रशासक. डावीकडे नियमाप्रमाणे बाहेरच्या सदस्य, निवृत्त न्यायाधीशबाई. तक्रारदारांच्या बाकावर तो बाळाचा बाप एकटाच. आज बटणं नीट लावलेली होती.

भाचीबरोबर मावशी आली, सासूबाई आल्या आणि सासूबाईंच्या मांडीवर पाटी. नियमात बहिऱ्या माणसाच्या साधनाला बंदी नव्हती. जावई दाराजवळ उभा राहिला.

संचालकांनी मजकूर वाचून दाखवला. 'म्हणतो'पाशी त्यांनी सहजपणे 'म्हणते' वाचलं. मावशीने ते टिपलं. मग त्यांनी पुढ्यातला कागद उलटला.

"त्यातही दुःखाची गोष्ट ही, की निलंबित असताना डॉक्टरांनी रुग्णालयाचा गोपनीय अहवाल छापायला दिला आहे. उद्या त्याची पत्रकं निघणार आहेत. 'काळी धार' नावाच्या कुठल्याशा छापखान्यातून. हे तुम्ही नाकारता का?"

भाचीने गोंधळून मावशीकडे पाहिलं. मावशी उठली. गुडघा ठणकत होता.

"त्या नाकारतील, कारण त्यांना माहीतच नाही," ती म्हणाली. "ते मी बोलले. काल सकाळी, आतून कडी लावलेल्या रिकाम्या खोलीत. समोर माणूस नव्हतं. फक्त ही पाटी होती. आणि मी 'काळ्या दाराचा' म्हणाले. ऐकणारा दार म्हणाला असता. साहेब धार म्हणाले, कारण साहेबांनी ते ऐकलेलं नाही, वाचलेलं आहे. असा छापखाना जगात नाही. तो मी काल जन्माला घातला."

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. "पुढे बोला."

मावशीने सगळं क्रमाने सांगितलं. पाट्या कुणी वाटल्या, खातं कुणाचं, जमा कुठे होतं. मग ती दाराकडे वळली. जावई पुढे आला. त्याने समितीकडे पाहिलं नाही. बाकावरच्या त्या बापाकडे पाहिलं. "'बाळं काय, जातातच' हे मी बोललो. माझ्या बायकोने नाही. ती बाळांसाठीच भांडत होती."

त्या बापाची नजर जावयाला उभं जाळत राहिली, आणि जावई ती सोसत उभा राहिला.

"आता शेवटचं," मावशी म्हणाली. "माझी भाची नणंदेला घरात जी हाक मारते, ती तिने आता मारावी. पाटीसमोर. आणि रविवारचा प्रश्न विचारावा."

भाचीने पाटीकडे पाहिलं. तिला आत्ता, त्या क्षणी आठवलं असावं. तिचे डोळे भरून आले. "वन्सं, संपला का तुमचा चहा?"

न्यायाधीशबाईंनी पाटी हातात घेतली आणि पडद्यावरचं मोठ्याने वाचलं. "वंश संपला का तुमचा चहा." त्या वर बघत म्हणाल्या, "चहा. बाहेर पसरवलेल्या मजकुरात हा शब्द नाही."

"नाही," मावशी म्हणाली. "यंत्राची चूक तिथपर्यंतच. चहा माणसाने काढला. मीही जन्मभर शब्द काढत आले, म्हणून सांगते, चुकून एखादी ओळ जाते. नेमका एक शब्द, तोही जिथे अर्थ फिरतो तिथला, चुकून जात नाही."

कानाच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. ते आले, खोलीतले चेहरे पाहिले, टेबलावरची पाटी पाहिली आणि उभ्याउभ्या घामाने भिजले. "माझ्याकडे फक्त प्रती मागितल्या जायच्या," ते म्हणाले. "एकट्या यांच्या घरच्या नाही. ज्यांच्या ज्यांच्या घरी पाट्या आहेत, त्या सगळ्यांच्या. कोण कशाबद्दल नाराज आहे एवढंच बघायचंय म्हणाले. कापलं मी नाही. मी सगळं जसंच्या तसं पाठवलं."

"अहो, एक असंबद्ध शब्द," संचालक चिडून म्हणाले, "तो कोणीही काढला असता."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं, आपण काय बोललो ते. प्रशासकांनी आपली खुर्ची नकळत थोडी दूर सरकवली.

सासूबाई इतका वेळ वाकून टेबलावरच्या पाटीवर सगळं वाचत होत्या. त्यांनी मान वर केली आणि कानाच्या डॉक्टरांकडे पाहिलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. त्यांचा आवाज बाहेरच्या जिन्यापर्यंत गेला. "तुला मी माझा कान म्हणून घरात घेतलं होतं. तू दुसऱ्याचा कान होऊन बसलास."



न्यायाधीशबाईंनी लेखनिकाला कामकाज थांबवायला सांगितलं. आरोप उरला नव्हता. जो उरला होता तो दुसऱ्यावर होता, आणि त्याची जागा वेगळी होती. खुर्च्या सरकू लागल्या. तेव्हा बाकावरचा बाप उठला.

"थांबा," तो म्हणाला. त्याच हळू आवाजात. "काय बोलला नाहीत, ते कळलं. मग बोलत काय होतात? दोनदा काय सांगितलंत?"

"तो गोपनीय विषय आहे," संचालक म्हणाले. सवयीनेच.

भाची टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर गेली. चार दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज कापत नव्हता. "ते तुमच्या बाळाबद्दल आहे. ते कुणाचं गोपनीय असेल तर तुमचं आहे. तुम्हाला सांगायला मला यांची परवानगी लागत नाही. पण तुमची लागते. इथे, सगळ्यांदेखत सांगू की बाहेर, फक्त तुम्हाला?"

त्या आठवड्यात गावातल्या प्रत्येकाने त्याच्या बाळाबद्दल बोलून घेतलं होतं. त्याला विचारणारी ही पहिलीच.

"खाली माझी बायको बसली आहे," तो म्हणाला. "वर यायला तयार नव्हती. तिला घेऊन येतो. मग सांगा. यांच्यादेखतच सांगा."

तो गेला. कुणी खोलीबाहेर पडलं नाही. न्यायाधीशबाईंनी लेखनिकाला पुन्हा बसायला सांगितलं. सासूबाईंनी पाटीची कळ दाबून पडदा काळा केला आणि ती पदराखाली घेतली. जिन्यावर दोघांची पावलं वाजली, एक सावकाश, एक त्याहून सावकाश. ती बाई आत आली, कुणाकडे न बघता भाचीसमोरच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "बोला."

"पाण्यात होतं," भाची म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.